ऑफ तास मी लावते

वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या बाईला मराठीत 'त्या' म्हणायची पद्धत आहे. मी या गोष्टीतल्या बाईला 'ती' म्हणणार आहे, आणि मुद्दाम म्हणणार आहे. जर्मनमध्ये मात्र मी तिला आजही आदरार्थी 'झी', म्हणजे 'तुम्ही', म्हणते. तेही मुद्दामच.

जर्मनीत येण्याआधी मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते. मुलं मला 'बाई' म्हणायची. मंडईत भाजी घेताना मागून 'बाई!' अशी हाक आली की भाजीवालीसुद्धा माझ्याबरोबर वळून बघायची. पण ती हाक माझीच असायची, आणि ते आम्हा दोघींनाही कळायचं. मग नवऱ्याच्या कंपनीने त्याला वाल्डॉर्फला पाठवलं. आधी थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला माणूस तिथेच कायम झाला, आणि मी मुलीला घेऊन मागोमाग आले. हायडेलबर्ग आणि वाल्डॉर्फच्या मधल्या एका गावात आम्ही घर घेतलं. मुलगी किंडरगार्टनमध्ये जायला लागली, नवरा ऑफिसला, आणि मला हाक मारायला कुणी उरलं नाही.

मी जर्मन शिकले. नीट शिकले, वरच्या पातळीची परीक्षा दिली. मग माझी बी.एस्सी., बी.एड. आणि शाळेतल्या अनुभवाची सगळी कागदपत्रं भाषांतर करून शिक्षणखात्याकडे पाठवली. खूप दिवसांनी उत्तर आलं: पदवी मान्य आहे, पण पुरेशी नाही. उरलेली कसर भरून काढायला मला एक कोर्स करावा लागणार होता. एका शाळेत उमेदवारी, आठवड्यातून एकदा प्रशिक्षण केंद्रात हजेरी, आणि शेवटी परीक्षकांसमोर पाठ. त्या कोर्सचं जर्मन नाव लांबलचक आहे. मराठीत त्याचा सरळ अर्थ 'जुळवून घेण्याचा कोर्स' असा होतो. मी ते आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ते तर तू लग्नातच शिकलीस की."

मला मिळालेली शाळा पाचवी ते दहावीची होती, घरापासून बसने जवळ. नव्या उमेदवारांना तयार करायचं काम तिथे वर्षानुवर्षं एकाच बाईकडे होतं. तीच ही बाई. उंच, कापलेले करडे केस, निळ्या काड्यांचा चष्मा. पाऊस असो की बर्फ, सायकलवर यायची. गणित शिकवायची, आणि उत्तम शिकवायची. हे मला आजही कबूल करावं लागतं आणि करताना त्रास होतो. तिच्या वर्गात मुलं श्वास रोखून बसायची. पहिल्या दिवशी तिने मला शाळेची किल्ली दिली, कॉफीचं मशीन कसं चालतं ते दाखवलं, आणि म्हणाली, "तुमचं इथे मनापासून स्वागत आहे." मला ती आवडली होती.

सुरुवातीला मी तिच्या वर्गात मागे बसून बघत होते. नंतर ती मागे बसली आणि मी पुढे उभी राहिले. सातवीचा वर्ग, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. हा धडा मी पुण्यात इतक्या वेळा शिकवला होता की झोपेतही शिकवला असता. अडचण एकच होती. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेर, डी किंवा दास लावावं लागतं, आपल्या तो, ती, ते सारखं. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही, त्यामुळे मला वाटलं होतं की आपल्याला सोपं जाईल. अर्धी भूमिती खरंच माझ्या बाजूने निघाली. कोन आपल्याकडे तो, तिथेही तो. रेषा ती, तिथेही ती. बिंदू, संख्या, बाजू सगळं जमलं. पण त्रिकोण आपल्याकडे तो आणि त्यांच्याकडे ते. वर्तुळ आपलं ते, त्यांचा तो. घाईत, खडू हातात असताना, मुलांकडे तोंड करून बोलताना तोंडातून मराठीच लिंग बाहेर पडायचं.

त्रिकोणाला मी म्हणाले, "डेर ड्रायएक."

मागून आवाज आला. टक्. तिने बॉलपेनाचं बटण दाबलं होतं.

मी पुढे बोलत राहिले. पुन्हा त्रिकोण आला, पुन्हा चुकलं. टक्. मी थांबले, तिच्याकडे पाहिलं. तिने हसून मान हलवली, म्हणजे चालू द्या. मी सुधारून 'दास' म्हणाले, तेव्हा पेन वाजलं नाही. मग वर्तुळ आलं. टक्.

त्या दिवशी घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली की हे माझ्याच भल्यासाठी आहे, ती वर्ग न थांबवता मला खूण करते आहे. पुढच्या तासाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या तासाला पहिल्या बाकावरच्या एका मुलाने आपलं पेन काढलं, आणि मी चुकल्यावर त्याने दाबलं. तिच्या आधी. वर्ग फिस्सकन हसला. मी मागे पाहिलं. ती आता उठून काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. तिने भुवया उंचावल्या आणि वहीत काही लिहिलं.

आठवड्याभरात सगळा वर्ग पेनं वाजवायला लागला. मी 'डेर' म्हणून जरा थांबले, पुढचा शब्द मनात जुळवायला लागले, की पेनं वर यायची आणि अंगठे बटणांवर थांबायचे. मी बरोबर बोलले की निराशेचा उसासा. चुकले की सगळीकडून टकटक. येणारे शब्दही येईनासे झाले. ज्या 'कोना'ला कधी अडखळले नव्हते तोही चुकायला लागला.

मी तिला तासानंतर गाठलं. म्हटलं, "मुलांना थांबवायला हवं."

"मुलं प्रामाणिक असतात," ती म्हणाली. "त्यांना जे ऐकू येतं ते ती दाखवतात. वर्गावर ताबा मिळवणं हेही तुमचंच काम आहे, नाही का?"

"पण सुरुवात तुम्ही केलीत."

तिने डोकं तिरकं केलं. तिला खरोखर नवल वाटलं असावं. "मी तुम्हाला मदत करते आहे," ती म्हणाली. मग माझ्या दंडावर हात ठेवून, आवाज मऊ करून म्हणाली, "तुम्ही इतक्या प्रेमळ आहात. मुलांना तुमच्याजवळ बसायला आवडतं. दुपारच्या पाळणाघराचा विचार केलाय का कधी? तिथे तुमच्यासारख्यांची फार गरज असते. आणि तिथे त्रिकोण लागत नाहीत."

दुपारचं पाळणाघर वाईट असं मला म्हणायचं नाही. तिथे काम करणाऱ्या बायका दमून जाईपर्यंत राबतात. पण मी गणिताची बाई होते. तो हात दंडावर असताना मला पहिल्यांदा कळलं की एखाद्या माणसाचं वाईट व्हावं असं मनापासून वाटणं म्हणजे काय असतं. मी "डांके" म्हणजे धन्यवाद म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या शब्दाचंही लिंग मला तेव्हा आठवलं नसतं.

तिच्या अहवालात लिहिलं होतं की विषयाचं ज्ञान वादातीत आहे, पण मुलांपुढे भाषेचा आदर्श म्हणून उमेदवार सध्या अपुरी आहे. त्या एका वाक्यावर माझा कोर्स अर्ध्या वर्षाने वाढला.

नवरा म्हणाला, "सोड ना. घर चालतंय आपलं. कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" त्याला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते. मी कांदा चिरत होते आणि मनात तिला चिरत होते. मी त्याला म्हणाले, "मी त्याच शाळेत नोकरी करणार." तो म्हणाला, "त्याच? वेडी आहेस का?" मी म्हटलं, "हो."

वाढवलेल्या अर्ध्या वर्षासाठी मी मुख्याध्यापकांकडे दुसरा मार्गदर्शक मागितला. मुख्याध्यापक गोल चेहऱ्याचे, सदा हसरे, भांडणाला घाबरणारे गृहस्थ. कारण न विचारता त्यांनी मला भौतिकशास्त्राच्या एका तरुण शिक्षकाकडे दिलं. तो मागे बसून आपल्या वह्या तपासायचा आणि तास संपला की म्हणायचा, "छान. पुढच्या वेळी फळ्यावर थोडं मोठं लिहा." बस्. मी आरशासमोर उभी राहून तो, ती, ते घोकत होते. भांडी घासताना, बसमध्ये, मुलीचे केस विंचरताना. मुलगी वैतागून जर्मनमध्ये म्हणायची, "आई, मला माहितीये, दास ड्रायएक, पुरे!" परीक्षकांसमोर मी आठवीला विजेच्या समांतर जोडणीचा पाठ दिला. टाचण चोख होतं, दिवे पेटले, मुलांनी प्रश्न विचारले. मी पास झाले.

प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा आनंद झाला, पण त्याच्याखाली भूक होती. गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची इथे सगळीकडे टंचाई आहे. स्टुटगार्टजवळच्या एका शाळेने बोलावलं होतं, घराजवळच्या दुसऱ्या दोन शाळांनीही. मी त्या गोल चेहऱ्याच्या मुख्याध्यापकांना फोन केला. ते इतके खूश झाले की मला ऐकताना लाज वाटली. त्यांना वाटलं मला त्यांची शाळा आवडते.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये ती हात पुढे करून माझ्याकडे आली. "किती छान! आता आपण सहकारी. आता आपण एकमेकींना 'डू' म्हणायला हवं ना?" तिने आपलं पहिलं नाव सांगितलं. त्या शाळेत सगळेच एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणतात, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत. मोठ्या माणसाने 'डू' देऊ केलं की ते घ्यायचं असतं. न घेणं हा उघड अपमान असतो, आणि तो इथे सगळ्यांना कळतो.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "धन्यवाद. मी 'झी'वरच राहीन."

आसपासच्या चार जणांनी वळून पाहिलं. तिच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली. माझं प्रमाणपत्र मला त्या क्षणी मिळालं असं वाटलं.

वेळापत्रकात मला जुना सातवीचा वर्ग आला होता, आता नववीत गेलेला. मी आत गेले तेव्हा मुलं माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होती. मी फळ्याकडे वळले आणि मागे कुणाचं तरी पेन वाजलं. सवयीने, लिहायला काढताना. वर्ग एकदम थिजला. त्या मुलाने पेन बाकावर असं ठेवलं जणू ते तापलेलं होतं. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. मी वर्गसमीकरणं सुरू केली. पुढे दोन वर्षांत त्या वर्गाने मला कधी त्रास दिला नाही. मुलांवर माझा राग नव्हता. मुलांना ते कुणी शिकवलं होतं हे मला माहीत होतं.

मग मला हवी ती जागा मिळाली. इथल्या शाळेत कुणी शिक्षक आजारी पडला की त्याचे तास दुसऱ्याला द्यावे लागतात. आपल्याकडे त्याला ऑफ तास म्हणतात. ते लावायचं काम कुणालाच नको असतं, कारण सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, आजारी माणसांचे फोन घ्यायचे आणि ज्याला तास द्याल त्याच्या शिव्या खायच्या. आमचे उपमुख्याध्यापक त्याला कंटाळले होते. बैठकीत त्यांनी विचारलं, कुणी मदत करेल का? सगळ्यांनी खाली पाहिलं. मी हात वर केला.

त्या दिवसापासून मैदानावरची देखरेख आणि सगळे ऑफ तास माझ्या हातात आले. मी एकही नियम मोडला नाही, हे मुद्दाम सांगते. महिन्याला जेवढे जादा तास देता येतात त्याच्या वर मी तिला एकही दिला नाही. पण त्या मर्यादेत ती कायम असायची. सोमवारी पहिला तास आणि सहावा तास, मधे मोठी पोकळी. शुक्रवारी दुपारी नववीचा दुसरा वर्ग, ज्यात खुर्च्या उडायच्या. थंडीत मधल्या सुट्टीची देखरेख सायकलींच्या शेडजवळ, जिथे वारा दोन इमारतींच्या मधून येतो आणि कान कापतो. घरी जायला हेल्मेट घातलं की ऑफ तास दाखवणाऱ्या भिंतीवरच्या स्क्रीनवर तिचं नाव यायचं. ती हेल्मेट काढायची. मी खिडकीशी बसून चहा प्यायचे. माझा चहा इतका गोड कधी लागला नव्हता.

घरी मी हे जेवताना सांगायचे, रंगवून सांगायचे. मुलगी तोवर मोठी झाली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. एकदा घास हातात धरून ती म्हणाली, "आई, दास इस्ट डोख गेमाइन." म्हणजे हा दुष्टपणा आहे.

"हो," मी म्हणाले. "आहेच."

नवरा म्हणाला, "आईशी कधी वैर घेऊ नकोस गं बाळा." तो हसला, पण नंतर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

या सगळ्यात एकच खोट होती. तिला काही कळतच नव्हतं. स्क्रीनवर नाव दिसलं की ती एक सुस्कारा टाकायची, "ना गूट", म्हणजे 'बरं तर', म्हणायची आणि जायची. या देशात वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. त्यात तास आला म्हणजे आला, पाऊस आल्यासारखा. त्यामागे कुणाचा हात असेल असा विचारच कुणाच्या मनात येत नाही. एकदा तर ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुम्ही हे काम घेतल्यापासून किती व्यवस्थित झालंय. आधी नुसता गोंधळ असायचा." मी रात्रंदिवस जिला डंख मारत होते ती मला शाबासकी देत होती.

म्हणून शेवटी मी तिला सांगितलं. एका बैठकीनंतर स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच उरलो होतो. डिशवॉशरमधले कप काढायची पाळी तिची होती. मी कप पुसायला फडकं घेतलं आणि म्हणाले, "सायकलींच्या शेडची देखरेख तुम्हाला योगायोगाने येत नाही. मी देते."

ती थांबली. "म्हणजे?"

"मुद्दाम देते. सोमवारची पोकळी, शुक्रवारची नववी. सगळं मुद्दाम."

तिने कप खाली ठेवला. "का?"

"पेनासाठी."

"कुठल्या पेनासाठी?"

मी तिला सांगितलं. सातवीचा वर्ग, त्रिकोण, टक्, मुलांचे अंगठे, दंडावरचा हात, पाळणाघर, अहवाल. मी हे वाक्य वाक्य करून कितीतरी दिवस तयार ठेवलं होतं. जर्मन एकदाही चुकलं नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात हुशार मुलाचं उत्तर ऐकावं तशी.

मग ती म्हणाली, "मला हे आठवत नाही."

"आठवत नाही?"

"असेल. ती माझी पद्धत आहे, मी सगळ्यांच्याच बाबतीत तसं करायचे. आवाज छोटा असतो, बोलणं तुटत नाही." ती हसली, मनापासून. "आणि बघा ना, तुमचं जर्मन आज किती निर्दोष आहे. उपयोग झालाच की."

माझ्या हातातलं फडकं मी तसंच टाकलं आणि बाहेर पडले. तिने माझ्याकडून घेतलेलं सगळं मी परत मिळवलं होतं, आणि आता तेही तिने आपल्या नावावर लिहून घेतलं. थंडीत उभं राहण्याने या बाईला काहीही होणार नव्हतं. दुखेल असं तिच्याकडे एकच होतं. ते म्हणजे तिचं पद, नव्यांना तयार करणारी म्हणून तिचा मान.

संधी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या मोठ्या बैठकीत आली. मुख्याध्यापकांनी सांगितलं की पुढच्या वर्षी परदेशात शिकलेली आणखी एक उमेदवार येणार आहे, जॉर्जियाची, गणित आणि भौतिकशास्त्राची. "मार्गदर्शन नेहमीप्रमाणे आपल्या अनुभवी सहकारी करतील," ते म्हणाले आणि तिच्याकडे हात केला. तिने मान झुकवली.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले. आणि डिशवॉशरपाशी जे सांगितलं होतं तेच सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही, एकही विशेषण लावलं नाही. काय झालं, कुठे झालं, तेवढंच. "म्हणून या उमेदवाराचं मार्गदर्शन मला द्यावं. त्यांना देऊ नये."

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच अडकून राहिलं. ती ताठ बसली होती. ती म्हणाली, "तसं काही झालं असेल, आणि त्याने कुणी दुखावलं असेल, तर मला खेद आहे. पण हे एकाच व्यक्तीचं म्हणणं आहे."

"दोघांचं," कुणीतरी म्हणालं.

तो भौतिकशास्त्राचा तरुण शिक्षक होता, माझा दुसरा मार्गदर्शक. तो टेबलाकडे बघत बोलत होता. "माझा वर्ग शेजारी होता. भिंतीतून ऐकू यायचं. आधी मला कळत नव्हतं की काय वाजतंय. मग एकदा दारातून पाहिलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. ते अर्धं वर्ष माझ्या वर्गात मागे बसून वह्या तपासताना त्याला माहीत होतं आणि त्याने एक अक्षर काढलं नव्हतं. त्याने आत्ता साक्ष दिली म्हणून मी जिंकत होते, आणि त्याच क्षणी त्याच्याही कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. तो आता सायकलींच्या शेडजवळ उभा राहील असं मी मनात ठरवून टाकलं. राहिलाही, अख्खा हिवाळा. त्याने तक्रार केली नाही. त्याला मात्र कळलं होतं.

मुख्याध्यापक पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग असं करू या, बदल म्हणून..." आणि मार्गदर्शन मला मिळालं. त्या कामासाठी तिला शिकवण्यातून जी सूट होती ती गेली. उमेदवारांच्या साहित्याचं कपाट, ज्याची किल्ली फक्त तिच्याकडे असायची, तिने दुसऱ्याच दिवशी रिकामं केलं. मी दारातून पाहिलं. तिची पाठ माझ्याकडे होती. एक एक फाईल काढून ती पिशवीत भरत होती आणि मधेच एक उघडून वाचत होती. मी आत गेले नाही, पण तिथून हललेही नाही. पूर्ण रिकामं होईपर्यंत पाहिलं.

जॉर्जियाची बाई आली ती माझ्या कल्पनेसारखी मुळीच नव्हती. मला वाटलं होतं कुणीतरी बिचारी येईल आणि मी तिला पंखाखाली घेईन. ही माझ्यापेक्षा वयाने मोठी, लाल रंगवलेले केस, घोगरा आवाज. माझं एक ऐकायची नाही. मी टाचणात दुरुस्ती सुचवली की म्हणायची, "मी तिबिलिसीत याच पद्धतीने मुलांना इंजिनिअर केलंय." तिचं व्याकरण भयंकर होतं. एकदा एक मुलगा हसला तर तिने फळा पुसायचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ये, तू जॉर्जियनमध्ये शिकव. मी हसते." वर्ग हसला, मुलगाही हसला. आम्ही स्टाफरूममध्ये कडाकडा भांडायचो, तिच्या तोडक्या आणि माझ्या पाठ केलेल्या जर्मनमध्ये. ती निळ्या चष्म्याची बाई कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत सगळं ऐकायची. पान उलटायची नाही.

परीक्षेच्या दिवशी जॉर्जियाच्या बाईने माझी एकही सूचना पाळली नाही. परीक्षकांसमोर डेर-डी-दासचा चुराडा केला, आणि तरफेचा नियम असा शिकवला की एक परीक्षक टाचण बाजूला ठेवून मुलांसारखा पुढे वाकला. ती पहिल्याच फटक्यात पास झाली, चांगल्या श्रेणीत. पार्किंगमध्ये मला म्हणाली, "तू मागे बसून कपाळाला आठ्या का घालतेस? मला भीती वाटते." मग तिने मला घट्ट मिठी मारली, आणि बहिणीजवळ राहायचं म्हणून स्टुटगार्टच्या शाळेत निघून गेली. तिचे मेसेज येतात. त्यातले बहुतेक तक्रारींचे असतात.

मी पार्किंगमधून स्टाफरूममध्ये परत आले तेव्हा ती निळ्या चष्म्याची बाई एकटीच होती.

"पास झाली?" तिने विचारलं.

"हो."

"परीक्षक भाषेबद्दल काही बोलले?"

"नाही. एक शब्दही नाही."

ती थोडा वेळ चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "पूर्वी बोलायचे." आणि बॅग उचलून निघून गेली.

इथे मला तिची कीव आली असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. नाही आली. त्या दिवशी मी घरी श्रीखंड केलं. दही आदल्या दिवशीच टांगून ठेवलं होतं. नवऱ्याने विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, खावंसं वाटलं." मुलीने वाटी चाटून साफ केली आणि आणखी मागितलं.

या उन्हाळ्यात ती निवृत्त होते आहे. मुख्याध्यापकांनी निरोपासाठी सगळ्यांना बोलावलं आहे. भाषणं होतील, केक असेल, तिचे जुने उमेदवार येतील आणि तिच्याबद्दल चांगलं बोलतील. त्यांतल्या काहींना तिने खरंच मदत केली असेल. नवरा म्हणतो, "तू नाही गेलीस तरी चालेल." पण मी जाणार आहे. ठेवणीतली साडी नेसून जाणार आहे आणि पुढे बसणार आहे, तिला बोलताना मी दिसेन अशी.